तारेतून दिसणारा घाट

१९२९ साली भोर घाटातल्या रेल्वेचं रूप पालटलं. कल्याणहून पुण्याकडे विजेची इंजिनं धावू लागली. त्याच सुमारास नव्या बोगद्यांच्या मार्गामुळे खंडाळ्याखालचं रिव्हर्सिंग स्टेशनही कायमचं बंद झालं. तोवर तिथे प्रत्येक गाडी थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट्या तोंडाने पुढची वाट धरी. त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेत लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन अफेल या बेल टेलिफोनच्या दोन इंजिनिअरांनी एका तारेच्या पेटंटसाठी अर्ज केला. टेलिव्हिजनचं चित्र दूरवर नेऊ शकेल अशी तार त्यांना हवी होती. पेटंट १९३१ मध्ये मिळालं. भोर घाटाच्या पायथ्याशी ही तार पोहोचायला मात्र आणखी पाच-सहा दशकं गेली, आणि ती आणली टीव्ही मालिका आणि सिनेमांनी. रेल्वेचा त्यात हात नव्हता.

कर्जत आणि खालापूर हे रायगडचे समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या भिंतीला टेकलेले तालुके. मुंबईहून पुण्याला जायचं तर इथूनच वर चढावं लागतं. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत भोर घाटातून गाडीरस्ता झाला, पुढे लोहमार्ग आला, त्यानंतर टाटांच्या वीजवाहिन्या आणि शेवटी द्रुतगती मार्ग. घाट चढण्याची अडचण इंजिनिअरांनी एकामागून एक पिढ्यांत सोडवली. पण वर काय चाललंय ते खाली कसं कळणार? धुकं, मुसळधार पाऊस, वळणं, बोगदे, सुटणाऱ्या दरडी. पायथ्याशी बसलेल्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही, आणि ज्या निर्णयांवर माणसांचे जीव अवलंबून असतात ते बरेचदा त्यालाच घ्यावे लागतात.

१२ मे १८५६ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली. जून १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र मोकळाच होता. मुंबईचा प्रवासी खोपोलीला उतरे, पालखीत किंवा मिळेल त्या वाहनात बसून घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसे. ही सोय जवळजवळ पाच वर्षं चालली. अखेर २१ एप्रिल १८६३ रोजी घाटमार्गाचं उद्घाटन झालं. सुमारे २५ किलोमीटर लांबी, २५ बोगदे, ८ मोठे पूल आणि कुठे कुठे ३७ फुटांना एक फूट असा चढ. बांधकामाच्या ऐन भरात, १८६१ साली, चाळीस हजारांहून अधिक मजूर घाटात राबत होते. मुख्य कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट सोडलं नाही, काम पुढे चालू ठेवलं. कर्जत स्टेशनात तिच्या नावाची एखादी ठळक पाटी असायला हवी.

घाट सुरू झाला, पण तो निर्धास्त झाला नव्हता. जुलै १८६७ मध्ये म्हऊकी मल्ली इथला कमानींचा पूल कोसळला. जानेवारी १८६९ मध्ये पुण्याकडून उतरणारी गाडी ब्रेक न लागल्यामुळे सुसाट सुटली आणि रिव्हर्सिंग स्टेशनापाशी आदळली. अशा प्रसंगांतून घाटाची एक खास शिस्त तयार झाली. उतारावर जागोजागी कॅच सायडिंग ठेवले गेले. हे मुख्य मार्गातून फुटून चढावर संपणारे फाटे. गाडी ताब्यात आहे याची खात्री पटल्याशिवाय सांधे मुख्य मार्गाकडे वळवायचे नाहीत, असा नियम होता. ब्रेक गेलेली गाडी आपोआप फाट्यावर चढून थांबे. पुण्याहून खाली येणाऱ्या गाड्या आजही मंकी हिल, ठाकूरवाडी, जांब्रुंग अशा ठिकाणी तांत्रिक थांबा घेतात. प्रवाशांना वाटतं, गाडी उगाच खोळंबली. खरं तर गाडीचं थांबणं हीच त्या काळातली बातमी होती. ब्रेक शाबूत आहेत हे त्यातून कळायचं. बाकीचा निरोप तारायंत्राच्या कट्ट-कडकट्टमधून जायचा. पावसाळ्यात गस्तीवरचे गँगमन हातबत्ती आणि रुळांवर ठेवायचे फटाके घेऊन रात्रभर चालायचे. दरड दिसली की फटाके रुळांवर बांधायचे आणि गाडीच्या दिशेने धावत सुटायचं. दीडशे वर्षं घाटाला डोळे होते ते या माणसांचेच.

चित्र तारेतून नेणं एवढं अवघड का होतं, हे आकड्यांतून समजतं. तारायंत्राला एखादी साधी लोखंडी तारही पुरे. टेलिफोनवरच्या आवाजाला तीन-चार हजार हर्ट्झ इतकी रुंदी लागते. आपल्याकडच्या टीव्हीचं ६२५ रेषांचं, सेकंदाला २५ वेळा बदलणारं चित्र साधारण ५० लाख हर्ट्झ मागतं. आवाजाच्या हजारपटीहूनही जास्त. साध्या जोडतारेत एवढ्या वेगाचे तरंग गळून जातात आणि बाहेरचा गोंगाट आत शिरतो. कोॲक्सियल केबलमध्ये तांब्याची एक तार मधोमध असते, तिच्याभोवती पांढरा फेस किंवा प्लास्टिक, त्यावर धातूची जाळी आणि सगळ्यात वर काळं आवरण. तरंग मधली तार आणि जाळी यांच्यामध्ये कोंडले जातात आणि तीच जाळी बाहेरच्या गोंगाटाला आडवी येते. १९३६ साली बर्लिन आणि लाइपझिग या शहरांदरम्यान अशाच केबलवरून चेहरा दाखवणारा सार्वजनिक टेलिफोन सुरू झाला. १९४२ मध्ये पेनेमुंडे इथे व्ही-२ रॉकेटची चाचणी सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी वॉल्टर ब्रुख या इंजिनिअराने कॅमेरे आणि पडदे जोडले. पाळतीच्या कॅमेऱ्याची पहिली ठळक नोंद तीच.

कर्जतच्या घरांत चित्र आलं ते हवेतून, आणि तेही धड नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच आणि कर्जत सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. अंतर फार नव्हतं. पण मधे माथेरान, प्रबळ आणि इर्शाळची रांग उभी आहे आणि माथेरानचा माथा ८०० मीटरांच्या घरात जातो. १९७३ मध्ये पुण्यासाठी सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र झालं, तर त्याच्या आणि कर्जतच्या मध्ये सह्याद्रीची भिंतच आली. म्हणून कौलांवरून उंच बांबू उभे राहिले. बांबूवर ॲल्युमिनियमची अँटेना, खाली बूस्टर. एक जण वर चढून अँटेना फिरवायचा आणि दुसरा आतून ओरडून सांगायचा, मुंग्या कमी झाल्या की वाढल्या. कड्यांवर आपटून आलेल्या लहरींमुळे चित्राशेजारी त्याचीच फिकट सावली उमटायची. सुरुवातीला अँटेनापासून टीव्हीपर्यंत चपटी दुपदरी तार वापरत. पावसात ती भिजली की चित्र बसायचं. ज्यांनी तिच्याऐवजी गोल काळी कोॲक्सियल टाकली त्यांच्याकडे पावसातही चित्र जरा टिकायचं. १९८७ मध्ये ‘रामायण’ मालिका सुरू झाली तेव्हा दर रविवारी सकाळी हा फरक अख्ख्या आळीला कळत असे.

त्यानंतर केबलवाला आला. १९८४ च्या आसपास मुंबई आणि अहमदाबादच्या इमारतींत एका व्हीसीआरवरून अनेक घरांना सिनेमा दाखवायची पद्धत सुरू झाली होती. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध उपग्रहावरून थेट दिसू लागलं, त्याच वर्षी स्टार टीव्ही आला आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी. उपग्रहाचं चित्र पकडायला मोठी तबकडी हवी, पण तिची किंमत एका घराला परवडणारी नव्हती. तेव्हा गावात एकाने तबकडी बसवायची आणि शंभर घरांना तार टाकायची, असं गणित जमलं. डोंगरामुळे हवेतून नीट न येणारं चित्र आता डोक्यावरच्या आकाशातून उतरून तारेवाटे घरात शिरलं. डोंगराआडच्या गावांना केबलचं अप्रूप शहरापेक्षा जास्त होतं, त्याचं एक मोठं कारण हे.

केबलवाल्याच्या कारागिरीचा इतिहास अजून कुणी लिहिलेला नाही, आणि ती नुसती खटपट नव्हती. घरोघर जाणाऱ्या आरजी-६ केबलमध्ये ७५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा सिग्नल शंभर मीटर गेला की त्याची ताकद साठ-सत्तराव्या हिश्श्यावर येते. म्हणून मुख्य लाइन जाड केबलची टाकायची, ठरावीक अंतरावर ॲम्प्लिफायर बसवायचा, आणि वरच्या चॅनलांची गळती खालच्यांपेक्षा जास्त असल्याने ती तिरकी उतरण दुरुस्त करायची. कर्जत-खालापूरला वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एखाद्या जोडणीला नीट टेप लावली नाही, तर पाणी जाळीच्या धाग्यांतून आतल्या आत झिरपत पुढे सरकतं आणि केबल सोलली की लालसर तांब्याऐवजी हिरवा गंज दिसतो. जूनमधल्या विजांनी तर एका रात्रीत अख्ख्या लाइनीचे ॲम्प्लिफायर जळत. ही सगळी विद्या कुठल्याही कॉलेजात शिकवली जात नव्हती. झाडांवर, खांबांवर आणि गच्च्यांवर चढून पोरं ती शिकली.

सरकारला या व्यवसायाची दखल घ्यावी लागली ती २९ सप्टेंबर १९९४ च्या वटहुकुमाने आणि १९९५ च्या केबल टेलिव्हिजन कायद्याने. केबलचालकाची नोंदणी मुख्य टपाल कार्यालयात व्हायची. ज्या खात्याने एकेकाळी तारायंत्र चालवलं, त्याच्याच दारात काळ्या तारेच्या मालकाचं नाव नोंदलं गेलं.

पाळतीचे कॅमेरे आले ते याच माणसांच्या हाताखालून. खोपोलीचा कारखान्यांचा पट्टा, पेट्रोल पंप, सराफी दुकानं, कर्जतची फार्महाऊसं, पुढे २०१३ मध्ये सुरू झालेलं इमॅजिका. जागा ऐसपैस आणि राखणदार एका टोकाला. कॅमेरा, तांब्याच्या जाळीची केबल आणि बीएनसी जोडणी म्हटल्यावर ती तार ओढायला गावात एकच हुशार माणूस होता, केबलवाला. आधी टेपवर टिपणारे व्हीसीआर, मग डिजिटल टिपणारे डीव्हीआर. डीव्हीआर ऑफिसात कुलूपबंद ठेवायचा, कारण त्यातच पुरावा. चित्र मात्र दोनशे मीटरवरच्या गेटवर बसलेल्या पहारेकऱ्याला हवं. अंतराची खरी अडचण इथे सुरू व्हायची.

डीव्हीआरच्या मागे मॉनिटरसाठी व्हीजीए असतं, पुढे एचडीएमआय आलं. साध्या व्हीजीए वायरवर चित्र काही मीटरांपलीकडे धूसर होतं आणि साधी एचडीएमआय दहा-पंधरा मीटरांपलीकडे दगा देते. उरतं ते कॉम्पोझिट, म्हणजे एकाच कोॲक्सियलवरून एक व्होल्टचं अख्खं चित्र. आरजी-५९ वर हे दोन-अडीचशे मीटर बरं चालतं. पण केबल टीव्हीची आरजी-६ वापरली तर एक वेगळीच अडचण उभी राहते. तिच्यातली मधली तार बहुधा पोलादाची आणि वर तांब्याचा मुलामा असतो. उंच कंप्रतेचा सिग्नल पृष्ठभागावरूनच वाहतो, म्हणून केबल टीव्हीला ती चालते. कॉम्पोझिट चित्र मात्र अगदी खालच्या कंप्रतेपासून सुरू होतं. त्याला पोलादाचा अडथळा जाणवतो आणि लांबवर चित्र मलूल पडतं. त्यासाठी भरीव तांब्याची केबल घ्यावी लागते. कॅमेऱ्याच्या कामासाठी बाजारात मिळणारी ‘थ्री प्लस वन’, एक कोॲक्सियल आणि सोबत तीन तारा, चित्र आणि वीज एकत्र नेण्याच्या गरजेतून रूढ झाली.

दुसरा तोडगा खास केबलवाल्याचा होता. डीव्हीआरचं चित्र मॉड्युलेटरमध्ये घालायचं, त्याला एखाद्या रिकाम्या चॅनलवर चढवायचं आणि असलेल्या लाइनीतच सोडून द्यायचं. गेटवर साधा टीव्ही ठेवला, चॅनल बदलला की समोर आवार. सोसायट्यांत तर घरबसल्या प्रत्येकाला आपल्याच टीव्हीवर जिना आणि फाटक दिसू लागलं. पोलादी तारेची अडचण इथे संपते, कारण चित्र आता उंच कंप्रतेवर स्वार असतं. वाटेत ॲम्प्लिफायर लावून ते अंतर वाढवताही येतं. सिनेमा नेण्यासाठी केलेल्या योजनेतूनच राखणदारी उभी राहिली. मला हा या प्रदेशातल्या छोट्या तंत्रज्ञांचा सर्वांत देखणा शोध वाटतो. जगात तो इतरत्रही झाला असेल, पण इथे तो गरजेतून, हातातल्या साहित्यातून झाला.

बारीक खाचाखोचा अनुभवाने कळत. चित्र एकाच वेळी दोन मॉनिटरांना नुसतं फाटा मारून दिलं, तर ते अंधारतं, कारण प्रत्येक मॉनिटर त्यावर ७५ ओहमचा भार टाकतो. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असला की केबलच्या जाळीतून प्रवाह वाहतो आणि चित्रावरून आडवे पट्टे हळूहळू सरकतात. मग मधे आयसोलेटर लागतो. हे पट्टे पाहून कॅमेराच बिघडला समजून तो बदलणारे पुष्कळ होते.

सगळ्यात झगझगीत पाळत याच परिसरात झाली, तीही करमणुकीसाठी. नितीन देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेला एन. डी. स्टुडिओ सगळे कर्जतचा म्हणून ओळखतात, पण तो आहे खालापूर तालुक्यातल्या चौकजवळ. ‘बिग बॉस’च्या पाचव्या पर्वाचं घर याच स्टुडिओत होतं. २ ऑक्टोबर २०११ पासून जानेवारी २०१२ पर्यंत ते पर्व चाललं. घरभर कॅमेरे, आत राहणाऱ्यांना बाहेरची खबर नाही, आणि बाहेर नियंत्रण कक्षात पडद्यांसमोर बसलेली माणसं. पैसा आणि झगमगाट बाजूला ठेवला तर खोपोलीच्या गेटवरचा पहारेकरी तेच काम करत होता. व्यावसायिक स्टुडिओतलं डिजिटल चित्रही बहुधा ७५ ओहमच्या कोॲक्सियलवरूनच, त्याच बीएनसी जोडण्यांतून धावतं.

२०१२ नंतर दोन प्रवाह एकदम आले. ३१ ऑक्टोबर २०१२ पासून मुंबईत केबल डिजिटल झाली आणि मार्च २०१७ पर्यंत ही सक्ती ग्रामीण भागापर्यंत आली. घरोघर सेट टॉप बॉक्स बसले आणि मोकळे ॲनालॉग चॅनल आक्रसले. त्याच काळात एचडी-सीव्हीआय, एचडी-टीव्हीआय आणि एएचडी या पद्धती आल्या. त्यांनी जुन्याच कोॲक्सियलवरून मोठं, स्वच्छ चित्र काहीशे मीटर नेऊन दाखवलं. भिंतीतून टाकलेली केबल न उपसता कॅमेरे बदलता आले. कोॲक्सियल कालबाह्य ठरणार असं सांगितलं जात होतं, आणि तिचं आयुष्य उलट वाढलं.

घाटाला मात्र कोॲक्सियल पुरेना. तिथली अंतरं किलोमीटरांची, आणि काम काचेच्या धाग्याचं, म्हणजे फायबरचं. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून द्रुतगती मार्गावर माणसं दगावली. २०१९ च्या पावसाळ्यात मंकी हिलच्या परिसरातला रेल्वेमार्ग खचला आणि गाड्यांचं वेळापत्रक कित्येक दिवस विस्कटलं. मध्य रेल्वेने धोक्याच्या जागी कॅमेरे बसवले, कड्यांवर जाळ्या टाकल्या आणि सैल दगड आधीच पाडणाऱ्या डोंगर टोळ्यांचं काम वाढवलं. एप्रिल २०२३ मध्ये शिंग्रोबाच्या देवळाजवळ जुन्या रस्त्यावर बस दरीत कोसळून १३ जण गेले. ते मुंबईतल्या एका वादक पथकातले होते, पुण्याहून कार्यक्रम करून परतत होते. आधी धावले ते खोपोलीचे तरुण आणि गिर्यारोहक. जुलै २०२४ मध्ये द्रुतगती मार्गावर वाहतूक नियंत्रणाची नवी यंत्रणा सुरू झाली. ती रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांच्या दोन कमानींमधला वेळ मोजून गाडीचा सरासरी वेग काढते आणि नंबरप्लेट टिपून दंड धाडते.

हे सगळे डोळे रस्त्यावर आणि रुळांवर रोखलेले आहेत, पैसा आणि वाहतूक जिथून जाते तिथे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, मदतीची माणसं आणि अवजारं पावसात चिखलातून पायी चढवावी लागली. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत वाडीचं नाव नव्हतं. खालून सरळ दिसणाऱ्या डोंगराच्या कुशीत ही ठाकरांची वस्ती होती, आणि काही किलोमीटरवर द्रुतगती मार्ग धावत होता. तिथे एखादा पर्जन्यमापक आणि जमिनीची हालचाल टिपणारं एखादं यंत्र बसवणं द्रुतगती मार्गावरच्या एका कमानीच्या तुलनेत स्वस्त होतं. पुढचा निधी ठरवताना अशा वाड्यांचा क्रम आधी लागायला हवा.

खोपोली-कर्जतच्या केबलवाल्यांच्या पोरांनी आता फायबरचा धंदा धरला आहे. काचेचा धागा वितळवून जोडणारं मशीन त्यांच्या मोटरसायकलीवर दिसतं. मुख्य लाइन काचेची झाली, इंटरनेट तिच्यावरून येतं, आणि मुंबईत बसलेला मालक फार्महाऊसचं फाटक मोबाइलवर पाहतो. पण जुन्या फाटकावरच्या कॅमेऱ्यापासून घरातल्या डीव्हीआरपर्यंतचे शंभर-दीडशे मीटर बहुतेक ठिकाणी अजून काळ्या केबलचेच आहेत. दर मे महिन्यात, पाऊस यायच्या आत, तिच्या जोडण्या सोलून, घासून, पुन्हा टेपने गुंडाळल्या जातात.